एक जिफी म्हणजे किती?



गेल्या महिन्यात धर्मशिक्षणाचा वर्ग सुटल्यावर सातवीतल्या एका मुलाने आम्हाला वाटेत अडवले आणि विचारले, "सर, जिफी म्हणजे नक्की किती?" शाळेत इंग्रजीच्या धड्यात ‘इन अ जिफी’ असे काहीतरी आले होते. बाईंनी ‘लवकर’ असा अर्थ सांगितला. पण त्याचे समाधान झाले नव्हते. मिनिटाचे साठ सेकंद, तासाची साठ मिनिटे, मग जिफीचे किती? प्रश्न रास्त होता. आम्ही त्याला म्हणालो, "एक मिनिट थांब हं, फादरांना भेटून आलोच." आणि फादरांशी सणाच्या तयारीविषयी पाऊण तास बोलत बसलो. बाहेर आलो तेव्हा मुलगा घरी निघून गेला होता.

पुढच्या रविवारी त्याला उत्तर देता यावे म्हणून थोडी शोधाशोध केली. जे हाती लागले ते गमतीचे आहे. पण वाचता वाचता आम्हाला आमचीच लाज वाटू लागली. म्हणून ते आज या पानावर आपल्यापुढे ठेवीत आहोत.

प्रथम जिफीविषयी. हा शब्द इंग्रजीत अठराव्या शतकाच्या अखेरीस, १७८० नंतरच्या दशकात छापील स्वरूपात दिसू लागतो. तो कोठून आला हे कोशकारांना उलगडलेले नाही. मूळ नाही, माप नाही. पण जगभर चालतो. ‘इन अ ट्राइस’ याचे मूळ मात्र सापडते. जुन्या डच भाषेत दोराने ओढून वर चढविणे या अर्थाचे एक क्रियापद होते आणि ते शिडाच्या बोटींवरचे होते. एका हिसक्यात शीड वर गेले की झाला ट्राइस. आपल्याकडील होडीवाल्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. मेंढपाळांचा शब्दप्रयोग आणखी गोड आहे : कोकराने दोनदा शेपटी हलवावी इतक्या वेळात. कोकरू दूध पिताना त्याची शेपटी कशी थरथरते हे ज्याने पाहिले असेल, त्याला हे माप लगेच पटेल.

‘मोमेंट’ या शब्दाने तर आम्हाला बराच वेळ धरून ठेवले. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ हालचाल. तराजूची दोन्ही पारडी समतोल असताना एका पारड्यात एवढासा कण पडावा आणि काटा हलावा. त्या कणालाही हाच शब्द लावीत. म्हणजे मोमेंट हा वेळेचा तुकडा आहे तसेच ते एक वजनही आहे, पारडे फिरविण्यापुरते. आजही इंग्रजीत फार महत्त्वाच्या घटनेला ‘मोमेंटस’ म्हणतात ते यामुळेच. अत्यंत लहान आणि अत्यंत वजनदार या दोन्ही गोष्टी एकाच शब्दातून निघाव्यात, यावर विचार करावा तेवढा थोडा.

मध्ययुगात मोमेंटला निश्चित मापही होते. उत्तर इंग्लंडमधील जॅरो येथील मठात राहणारे संत बीड यांनी इ.स. ७२५ मध्ये कालगणनेवर एक ग्रंथ लिहिला. ईस्टरची तारीख नीट काढता यावी हा त्यामागचा एक हेतू. त्यात त्यांनी एका तासाचे चाळीस मोमेंट सांगितले आहेत. म्हणजे एक मोमेंट आजच्या हिशेबाने सरासरी दीड मिनिटाचा झाला. (सरासरी म्हणायचे कारण असे की, त्या काळी दिवस लहान-मोठा होई तसा तासही लहान-मोठा होत असे.) त्याहून लहान वेळेला ‘अणू’ म्हणत, ज्याचे आणखी तुकडे होत नाहीत तो. पुढे मठांतील गणित्यांनी या अणूलाही मोजून काढले : तासाला २२,५६० अणू. म्हणजे सेकंदाला सहा अणूंहून थोडे अधिक. डोळ्याचे पाते लवायला साधारण तेवढाच वेळ लागतो.

हा अणू शब्द त्यांनी हवेतून काढला नव्हता. संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात, मृतांच्या पुनरुत्थानाविषयी सांगताना, आपण सारे किती वेळात बदलून जाऊ याचे माप दिले आहे. ग्रीकमध्ये तेथे अणू हाच शब्द आहे आणि पाठोपाठ पाते लवण्याची उपमा आहे. लॅटिन बायबलमध्ये अणूच्या जागी मोमेंट आला आणि लॅटिनमधून तो इंग्रजीत उतरला. कॅथलिकांचा १५८२ चा ऱ्हीम्स येथील नवा करार घ्या, नाही तर १६११ चे राजा जेम्सचे बायबल घ्या, पाते लवण्याचा तो शब्दप्रयोग दोन्हींत आहे आणि आज चर्चचे तोंडही न पाहणारे इंग्रज तो रोज वापरतात. आपल्याकडे निमिष म्हणजे तेच, पाते लवणे. अंत्यविधीच्या मिस्साला हा उतारा वाचला जातो तेव्हा आपले लक्ष शवपेटीकडे असते. वेळेच्या या दोन लहानशा शब्दांकडे निदान आमचे तरी कधी गेले नव्हते.

आणखी एक माप सांगण्याजोगे आहे. घड्याळे घरोघरी नव्हती त्या काळात इंग्रज लोक ‘पॅटरनॉस्टर व्हाइल’ असे म्हणत. म्हणजे प्रभूने शिकविलेली प्रार्थना एकदा म्हणून होण्यास लागेल तेवढा वेळ. सावकाश म्हटली तर सुमारे अर्धे मिनिट. या मापात एक सोय होती. ते मोजायचे तर प्रार्थना खरोखर म्हणावी लागे, आणि एक प्रार्थना म्हणून झाली म्हणजे झाली. तिची पाऊण तास होत नसे.

आता खरी गोष्ट. इंग्रजीत ‘सून’ म्हणजे लवकरच, थोड्या वेळाने. पण हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ होता ताबडतोब, या क्षणी. ‘अनॉन’ हा आता जुनाट झालेला शब्द. त्याचे मूळ रूप ‘एकात’ अशा अर्थाचे, म्हणजे एका दमात, लगेच. कालांतराने त्याचाही अर्थ थोड्या वेळाने असा झाला. ‘प्रेझेंटली’ या शब्दात तर वर्तमानकाळच बसलेला आहे. तो आरंभी आत्ता या अर्थानेच बोलत. सतराव्या शतकापर्यंत तोही घसरला आणि इंग्लंडमध्ये त्याचा अर्थ झाला ‘बघू, जरा वेळाने’. दक्षिण आफ्रिकेतील इंग्रजी बोलणारी मंडळी ‘जस्ट नाऊ’ म्हणतात तेव्हा त्यांना हे काम कधीतरी पुढे करायचे असते. नवख्या पाहुण्याला हे ठाऊक नसेल तर तो दारात उभाच राहतो!

‘बाय अँड बाय’ या शब्दप्रयोगाची कहाणी सर्वांत विलक्षण आहे. संत मार्कच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात हेरोदियेची मुलगी राजापुढे नाचते आणि आईच्या सांगण्यावरून बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे शिर तबकात मागते. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये तिच्या तोंडी ‘बाय अँड बाय’ हे शब्द आहेत. आजचा इंग्रजी वाचक गोंधळतो. ही मुलगी सवडीने द्या म्हणते आहे काय? नाही. चारशे वर्षांपूर्वी त्या शब्दांचा अर्थ ‘आत्ताच्या आत्ता’ असा होता. तिला राजाला विचार करायला एक क्षणही द्यायचा नव्हता. तोच शब्दप्रयोग नंतर घसरत घसरत इतका दूर गेला की, १८६८ साली अमेरिकेत लिहिलेल्या एका प्रसिद्ध गीतात तो मृत्यूनंतरच्या स्वर्गीय भेटीसाठी वापरला आहे. आत्ताच्या आत्तापासून थेट परलोकापर्यंत! एवढा प्रवास फार थोड्या शब्दांच्या वाट्याला येतो.

एक-दोन शब्दांचे असे झाले असते तर योगायोग म्हणून सोडून दिले असते. पण ‘आत्ता’ या अर्थाचे शब्द एकामागून एक ‘नंतर’ या अर्थाकडे जातात, आणि ‘नंतर’ या अर्थाचा शब्द ‘आत्ता’कडे आलेला क्वचितच दिसतो. याचे कारण भाषेत कमी आणि माणसात अधिक असावे, असे आमचे मत आहे. एक म्हणतो, आत्ता आलो. आणि उशिरा येतो. दुसरा वाट पाहतो. असे शंभरदा झाले की, वाट पाहणारा ‘आत्ता’ या शब्दाचा अर्थ मनातल्या मनात बदलून घेतो. त्याच्या पिढीतील हजारो लोक असेच करतात, आणि एके दिवशी कोशकार तो नवा अर्थ कोशात लिहितो. अर्थ बिघडवितो बोलणारा, आणि तो निमूटपणे दुरुस्त करून घेतो ऐकणारा. वाट पाहत बसलेल्या माणसांनीच ते कोश लिहिले आहेत म्हणा ना.

आपण इंग्रजांना हसू नये. रविवारी दुसरा मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात पाच मिनिटे उभे राहून मोबाइलवरचे बोलणे ऐका. "निघालोय", "वाटेतच आहे", "पोहोचतोच दोन मिनिटांत". बोलणारा अजून बाकावरून उठलेलाही नसतो. आपली ‘पळ’ चोवीस सेकंदांची होती आणि अशा साठ पळांची एक घटका. ‘पळभर थांब’ म्हणणाऱ्या कोणाला आज हे ठाऊक आहे?

येथे वाचक विचारतील, एवढ्याशा गोष्टीला पाप म्हणायचे काय? प्रश्न योग्य आहे. ख्रिस्तसभेच्या शिकवणीनुसार असत्य म्हणजे दुसऱ्याला फसविण्याच्या हेतूने खोटे बोलणे. ही व्याख्या संत अगस्तीनची. ‘एक मिनिट’ म्हणणाऱ्याला फसवायचे नसते आणि ऐकणाराही फसत नाही. हा मिनिट साठ सेकंदांचा नव्हे, हे दोघांनाही ठाऊक असते. मग असत्य कोठे आले? आम्ही या युक्तिवादावर बरेच दिवस विचार केला. तो बरोबर आहे, असेच वाटते. नियमाच्या काट्यावर तोलले तर ‘आलोच’ हे खोटे ठरत नाही.

परंतु एक गोष्ट उरते. ऐकणारा फसत नाही याचा अर्थ त्याने आपल्यावर विश्वास ठेवणे सोडून दिले आहे. त्याने आपल्या शब्दाची किंमत कमी करून घेतली, म्हणूनच तो फसला नाही. ज्या युक्तिवादाने आपण असत्यातून सुटतो, तोच आपली पत गेल्याचे सांगतो. शिवाय खरोखरच ताबडतोब येण्याची वेळ आली तर आपण कोणता शब्द वापरणार? म्हणून मग ‘अगदी आत्ता’, ‘आत्ताच्या आत्ता’, ‘खरंच, शपथ, आत्ता’ असे एकावर एक शब्द रचावे लागतात. तुमचे होय ते होय असू द्या, असे प्रभू येशूने सांगितले ते शपथांविषयी बोलतानाच. शपथ लागते, कारण आधीचे होय पुरेसे उरलेले नसते.

संत अगस्तीनला हे कोणी शिकवायला नको होते. मिलान येथे इ.स. ३८६ मध्ये त्याचे मन पालटले. त्याआधीच्या दिवसांचे वर्णन त्याने आपल्या आत्मनिवेदनाच्या आठव्या भागात केले आहे. देव बोलावीत होता आणि आपण झोपेतून उठविलेल्या माणसासारखे ‘उठतो, आत्ता उठतो, जरा थांब’ असे म्हणत होतो, असे तो सांगतो. आणि त्या ‘आत्ता’ला काही अंतच नव्हता, ते ‘जरा’ लांबतच गेले, अशी स्वतःची थट्टाही करतो. रविवारी सकाळी मुलांना मिस्साला उठविणाऱ्या प्रत्येक आईला हे वर्णन घरचेच वाटेल. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात सुभेदार फेलिक्सची गोष्ट आहे. त्याने पौलाचे बोलणे ऐकले, तो घाबरला आणि सवड मिळाली की पुन्हा बोलावीन म्हणाला. बोलावलेही त्याने, अनेकदा. पण त्याच्या मनात लाच मिळण्याची आशा होती. दोन वर्षे गेली. त्याच्या जागी दुसरा अधिकारी आला, आणि पौल तुरुंगातच राहिला. फेलिक्सने नाही असे एकदाही म्हटले नव्हते.

शब्द न घसरू देणारी माणसे या जगात नाहीत असे नाही. शास्त्रज्ञांनी हेच खेळकर शब्द उचलले आणि त्यांना मापाच्या खिळ्याने ठोकून बसविले. गिल्बर्ट न्यूटन लुइस या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने जिफी म्हणजे प्रकाशाला एक सेंटिमीटर जाण्यास लागणारा वेळ, असे सुचविले. तो सेकंदाचा सुमारे तीस अब्जावा भाग होतो. वीज आणि संगणक यांच्या कामात जिफीला आणखी निराळी मापे आहेत, पण तेथेही ती ज्याच्या त्याच्या जागी ठरलेली असतात. तर त्या मुलाच्या प्रश्नाला उत्तर आहे, एक नव्हे, दोन-तीन.

कोकराच्या शेपटीचेही असेच झाले. दुसऱ्या महायुद्धात अणुबॉम्ब तयार करणाऱ्या शास्त्रज्ञांना फार लहान वेळ मोजण्यासाठी नाव हवे होते. त्यांनी ‘शेक’ हे नाव घेतले, ते कोकराच्या दोनदा हललेल्या शेपटीवरून. एक शेक म्हणजे सेकंदाचा दहा कोटीवा भाग. बॉम्बमधील अणू फुटण्याची साखळी सुमारे शंभर शेकमध्ये, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात पूर्ण होते. ९ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी नागासाकीवर ती पूर्ण झाली. स्फोटाच्या जागेपासून सुमारे अर्ध्या किलोमीटरवर उराकामीचे कॅथेड्रल होते. मरियामातेच्या स्वर्ग-उन्नयनाचा सण सहा दिवसांवर आला होता आणि चर्चमध्ये पापनिवेदन चालू होते. आत असलेल्या धर्मगुरूंपैकी आणि भाविकांपैकी कोणीही वाचले नाही. त्या रांगेत अनेक दिवस ‘उद्या जाऊ, परवा जाऊ’ असे करून अखेर त्या सकाळी घरातून निघालेला कोणी असेल काय, असे आमच्या मनात वारंवार येते. जे ‘उद्या जाऊ’ म्हणून घरी राहिले, तेही त्याच शहरात होते.

इतके लिहून झाल्यावर आमच्या घरातील एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आमची आई शेवटच्या काही वर्षांत डोळ्यांनी अधू झाली होती. शिवणकामाची सवय मात्र सुटली नव्हती. उशीचा अभ्रा, नातवंडांचे बटण, काही ना काही ती काढून बसायची, आणि सुईत दोरा ओवायला आम्हाला हाक मारायची. आम्ही समोरच्या खोलीत असायचो. कधी बातम्या, कधी या पानाचेच लिखाण. "एक मिनिट, आई, आलोच." सुईत दोरा ओवायला किती वेळ लागतो? अर्धे मिनिट. तेव्हा हे ठाऊक नव्हते. पण अगदी एक पॅटरनॉस्टर व्हाइल.

एकदा आमची धाकटी मुलगी आजीजवळ बसली होती. आमचे ‘आलोच’ ऐकून ती दाराकडे पाहू लागली, तेव्हा आई तिला म्हणाली, "अगं, दाराकडे काय बघतेस? त्याचा मिनिट म्हणजे जेवण झाल्यावर." रागाने नव्हे. पाहुण्या मुलीला घरातली रीत सांगावी तसे सांगितले. आम्ही ते ऐकले, आणि आईने विनोद केला असे समजून हसलो.

त्या रात्री जेवण झाल्यावर आत गेलो तेव्हा ती झोपली होती. सुई तिने भिंतीवरच्या कॅलेंडरला टोचून ठेवली होती आणि दोऱ्याचे टोक ओले करून, वळून, रिळावर व्यवस्थित गुंडाळून ठेवले होते.